व्हर्जिलच्या नऊ धावा

बेसबॉलच्या ज्या खेळाडूंची फोटो-आकडेवारीची, चाहत्यांनी जमवायची कार्डं कंपन्यांनी कधी काढलीच नाहीत, त्यांची कार्डं डॉयल घरच्या प्रिंटरवर छापायचा. परवानगी वगैरे कोणाची नाही, ना लीगची ना कंपनीची. अमेरिकेतल्या टोलेडो शहराच्या जुन्या संघातल्या चोवीसपैकी तेवीस जणांच्या सह्या त्याने कार्डांवर मिळवल्या होत्या. राहिला होता फक्त व्हर्जिल प्रुएट. गडी पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा; आयुष्यात एकच सामना खेळला, आणि आता एक्क्याऐंशी वर्षांचा. डॉयल चार तास गाडी हाणत त्याच्या दारात पोचला.

कार्डावरचा आपला तरणाबांड फोटो बघून म्हाताऱ्याचे डोळेच भरून आले. "मार्ज, ए मार्ज! अगं, माझं कार्ड निघालं!"

"झालं! आता आठवडाभर हा संघाची जुनी टोपी घालून जेवायला बसणार," बायको आतून म्हणाली.

म्हाताऱ्याने पेन उघडलं, कार्ड उलटलं. मागे कंपनीचं नाव कुठेच नव्हतं, छापलं होतं एवढंच : सामने एक, दिलेल्या धावा नऊ, बाद केलेले शून्य. बेसबॉलमध्ये ही म्हणजे पुरती धुलाई.

त्याने पेनाला टोपण लावलं.

"हे आकडे बदल. मग सही."

"असं कसं, साहेब? जुने पेपर चाळून चाळून शोधलेत मी. खोटं कसं छापू?"

म्हाताऱ्याने कार्ड त्याच्या नाकासमोर धरलं.



"लेका, अख्खं कार्ड चोरून छापलंस, आणि प्रामाणिकपणा नेमका माझ्या नऊ धावांपाशीच आठवला होय रे तुला?"