ढिली धाव

येसूला सासरी न्यायला गाडी आली, तशी तिच्या आईनं पीरमहंमद लोहाराला चाक बघायला बोलावलं. चाकावरची लोखंडी धाव गेल्याच बाजाराला त्यानंच बसवली होती. त्यानं हातोडीनं ठोकून पाहिलं. ढिली धाव बद्द वाजते, ही खणखणली.

दारात येसू आईचा पदर धरून उभी होती.

"ढिली हाय," पीरमहंमद म्हणाला. "चाक रातभर कुकडी नदीत भिजू द्या. लाकूड फुगलं की आवळंल."

"तुमच्याच हातची ना, भाऊ?" येसूच्या सासऱ्यानं, धर्माजीनं विचारलं.

"माझीच. कच्ची बसली." आपल्या कामाला त्यानं पहिल्यांदाच नावं ठेवली.

धर्माजीची उभी हयात गाडी हाकण्यात गेली होती. तो खणखणाट त्यानंही ऐकला होता. त्यानं मुकाट्यानं बैल सोडले.