पांढऱ्या पेशींची शिकवणी

"परत सांगू का?" काशीनाथने विचारलं, आणि स्वयंपाकघरात चहा गाळणारी अंबिका थबकली. अकरा वर्षांच्या संसारात तिने एखादी गोष्ट दुसऱ्यांदा विचारली, की याच माणसाच्या कपाळाला आठ्या पडायच्या.

काशीनाथ फार्मसी कॉलेजात शिकवायचा. परीक्षा जवळ आली म्हणून त्याची विद्यार्थिनी नीलम रोज संध्याकाळी त्यांच्या पूनम सागर सोसायटीतल्या घरी येत होती. आज रक्तातल्या पांढऱ्या पेशी चालू होत्या. त्या रोगजंतूंशी लढतात; काही औषधांनी एकाएकी कमी होतात, मग साधं घशाचं दुखणंही जिवावर बेततं. हे सगळं अंबिकाच्या कानावर पडत होतं, पण मनात शिरत होता तो फक्त त्याचा मऊ आवाज. तिच्या वाट्याला तो कधी आलाच नव्हता.

"चहा घ्या," ती ट्रे ठेवत म्हणाली.

नीलमने वर पाहिलं. "काकू, तुमचा घसा बसलाय का?"

"काही नाही झालेलं," अंबिका तुटकपणे म्हणाली. सरांसमोर हुशारी दाखवतेय, तिला वाटलं. पण पोरीने पिच्छा सोडला नाही. ताप आहे का, तोंडात फोड आलेत का, गोळ्या कसल्या चालू आहेत. अंबिकाला सगळं सांगावंच लागलं; ताप होता, फोडही होते. गोळ्या वाढलेला थायरॉइड कमी करण्याच्या होत्या, दोन महिन्यांपासूनच्या. काशीनाथच त्या आणून द्यायचा.

काशीनाथच्या हातातलं पुस्तक तसंच उघडं राहिलं.

त्याच संध्याकाळी रक्त तपासलं. पांढऱ्या पेशी चार हजारांच्या वर हव्यात, तिच्या नऊशे निघाल्या. डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या, तिला दाखल करून घेतलं. दहाव्या दिवशी आकडा वर आला, तेव्हा नीलम भेटायला आली होती.

शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी विचारलं, हे दुखणं लक्षात कसं आलं? काशीनाथ सावरून बसला.

"माझ्या या विद्यार्थिनीने ओळखलं," तो म्हणाला. "नुसत्या आवाजावरून." त्याचा चेहरा अभिमानाने फुलून आला होता.

अंबिका उशीला टेकून त्याच्याकडे बघत राहिली.

"त्याआधी घरात किती दिवस ताप होता मला," ती म्हणाली, "तेही सांगा ना त्यांना."

काशीनाथने उत्तरासाठी नीलमकडे पाहिलं.