डीजेचा कान

"जावईबापू, चादरी टाकल्या की वॉशिंग मशीन घर डोक्यावर घेतं. मेकॅनिकला बोलवा की!" सासूबाई दोन महिने मागे लागल्या होत्या. जावई टेक्नो संगीताचा डीजे, वर स्वतःच्या म्युझिक लेबलचा मालक. हेडफोन सरकवून तो दर वेळी गंभीरपणे सांगे, "आई, या कानांवर माझं पोट आहे. मला तर काहीच आवाज येत नाही. तुमचेच कान तपासून घ्या." बिचाऱ्या खरंच कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आल्या.

शनिवारी लेबलचा नवाकोरा ट्रॅक क्लबमध्ये पहिल्यांदा वाजायचा होता, म्हणून त्याने बायकोबरोबर सासूबाईंनाही मोठ्या ऐटीत बोलावलं. ट्रॅक सुरू झाला: धडाड खडखड, धडाड खडखड, मध्येच एक लांबलचक किंकाळी. पोरं बेभान झाली. जावई दोन्ही हात वर करून कौतुक झेलत उभा. तेवढ्यात सासूबाई गर्दीत कोपरं मारत थेट त्याच्यापाशी पोचल्या आणि त्याचा हेडफोन ओढून कानात ओरडल्या,



"या माझ्या चादरी आहेत, जावईबापू! म्हणजे ऐकू येत होतं तर तुम्हाला!"