उपास की उपाशी

रेशनच्या ॲपने पुढच्या महिन्याची पिशवी नेहमीसारखी आपणहून भरून ठेवली होती, पण शालनच्या वाट्याचा तांदूळ निम्माच दिसत होता. तिची मुलगी जुईली घाबरून वाचत गेली. ताटाखालच्या सरकारी चकतीने महिनाभर प्रत्येकाचं जेवण मोजलं होतं.

‘शालन अठरा रात्री जेवल्या नाहीत. उपास केला, की उपाशी राहिल्या? उपास असल्यास तांदूळ निम्माच राहील.’

उत्तराला तीन मिनिटं उरली होती.

“उपास दाब,” आई कणीक मळत म्हणाली. “सोमवार असतात ना माझे.”

“सोमवार महिन्यात चार! अठरा कुठून आणलेस?”

“संकष्टी धर, गुरुवार धर. फार शहाणी झालीस!”

“आणि परवा बुधवारी तुझी भाकरी माझ्या ताटात टाकलीस, तो कुठल्या देवाचा?”

आईने पाठ फिरवली. “दुसरं दाबलंस तर चौकशीला रेशन ऑफिसातल्या बाई येतात घरी. सगळ्या गल्लीला कळेल.”

शेवटचे दहा सेकंद उरले. जुईलीने ‘उपाशी’ दाबलं.

“काय दाबलंस गं?”

“बाई आल्या की चहा मी करीन,” जुईली म्हणाली. “तू आधी जेवायला बस.”