कोटातला फोटो

"काढ ते लुगडं," मोहनराव म्हणाले, "पाच मिनिटांचं काम हाय."

इंदापूरच्या त्या फोटो स्टुडिओत खुंटीला एक पांढरा सदरा आणि त्यावर काळा कोट टांगलेला असायचा. पासपोर्टचा फोटो काढायला येणारा जो तो त्यातच शिरायचा. आज तो दत्ताबाईपुढे धरला होता.

तिचं पाळण्यातलं नाव दत्तोबा. पण देवीला सोडलं, गळ्यात तिचे मोती पडले तेव्हापासून सारं शेळगाव तिला दत्ताबाई म्हणतं, आणि लुगड्याशिवाय दुसरं काही तिने अंगाला लावलेलं नाही. मोहनरावांच्या कलापथकात ती डोक्यावर देवीचा जग, म्हणजे मूर्ती बसवलेली परडी, घेऊन नाचते. तो नाच बघून परदेशातून बोलावणं आलं होतं. आता गंमत बघा, तिकडच्यांना हवी लुगड्यातली दत्ताबाई आणि पासपोर्टाला कोटातला दत्तोबा!

"अर्जात पुरुष लिवलंय. लुगड्यातला फोटू चालत न्हाय," मोहनराव म्हणाले. "विमानात कोट घाल. तितं उतरलं की नेस पुन्हा."

"आन् देवीला काय सांगू?"

"देवी काय विमानतळावर बसलीय व्हय?"

दत्ताबाई हसली नाही. तिला विमानात बसायचं होतं. फार बसायचं होतं. त्यासाठी तिने नवं हिरवं लुगडं घेतलं होतं, आजही तेच नेसून आली होती. शेवटी ती पडद्याआड गेली. बाहेर आली तेव्हा मोती सदऱ्याखाली गेले होते, केस मागे दडपले होते. कोट खांद्यांवर अगदी नीट बसला होता आणि त्याचंच तिला जास्त वाईट वाटलं.

"मान वर," फोटोग्राफर म्हणाला.

दारात बसलेली तिची आई, दगडाबाई, उठून पुढे आली. इतक्या वर्षांत तिने आपल्या लेकराकडे असं डोळे भरून पाहिलं नव्हतं.

"माझा दत्तू!" तिने गालांवरून हात फिरवला, स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. मग फोटोग्राफरला म्हणाली, "दादा, ह्यातला एक मोठा काढा. घरात लावायचाय."

फोटो निघायच्या आधीच दत्ताबाईने कोटाचं एक बटण काढलं. मग दुसरं.

"आरं, विमान जाईल!" मोहनराव ओरडले.

तिने त्यांच्याकडे पाहिलंच नाही.

"आये, फोटू कशाला गं?" ती म्हणाली. "घरात मी हाय की."