गल्ली कुठली

अंबूबाईंनी पिराजी माने यांना पायरीवर बसू दिलं नाही. पावणं, वर या, खुर्चीवर बसा, असं त्या दोनदा म्हणाल्या. पिराजी खुर्चीच्या कडेला टेकले. त्यांची मुलगी वर्षाराणी गादीची गुंडाळी आणि नवी बादली घेऊन दारातच उभी राहिली, कारण सामान कुठं ठेवायचं ते अजून ठरलं नव्हतं.

कळंब्यातल्या या घराच्या माडीवर दोन कॉटची एक खोली होती. एका कॉटवर स्वप्नाली राहत होती. दुसरी दीड महिना रिकामी होती. वर्षाराणीला फार्मसीला प्रवेश मिळाला होता, वसतिगृहाच्या यादीत नाव लागलं नव्हतं आणि उद्या सकाळी साडेसातला पहिलं प्रॅक्टिकल होतं. गावाकडून पहिली एसटीच साडेसातला सुटायची.

दोघी एकाच गावच्या, दहावीपर्यंत एका वर्गातल्या. मग स्वप्नाली पॉलिटेक्निकला इकडे आली. कॉट रिकामी असल्याचं तिनेच फोन करून वर्षाराणीला कळवलं होतं. आडनावाचा विचार तिने आधीच करून ठेवला होता. गावात माने देवळाकडेही होते आणि ओढ्यापलीकडेही. नुसत्या आडनावावरून कुणाला काही कळणार नव्हतं. तेवढं पुरेल असं तिला वाटलं होतं.

सुरुवातीला पुरलंही. अंबूबाईंनी बारावीचे टक्के विचारले आणि ऐकून खूश झाल्या. नियम सांगितले. संध्याकाळी आठच्या आत घरात, गच्चीवर फोन नाही, न्हाणीत केस दिसले तर जिचे तिने काढायचे. आधीची मुलगी आठ वाजून दहा मिनिटांनी आली म्हणून तिला त्याच आठवड्यात काढल्याचंही सांगितलं. आमची तर आठलाच झोपती, पिराजी म्हणाले. वर्षाराणी हसली. शाळेत या दोघींनी कधी बाक बदलला नाही, आता स्वप्नाली आहे म्हटल्यावर आपल्याला घोर नाही, असंही ते म्हणाले. अंबूबाईंनी मान डोलावली आणि स्वप्नालीला घेऊन चहा टाकायला आत गेल्या.

आत त्यांनी गॅस पेटवला, पाण्यात साखर टाकली आणि आवाज न बदलता विचारलं.

"माने म्हंजे गावात कुठली गल्ली गं? देवळाकडची का खालतीकडची?"

जात त्या कधीच विचारत नसत. तसं त्या सगळ्यांना सांगतही असत.

स्वप्नाली कपबशा काढत होती. देवळाकडची, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण अंबूबाईंची धाकटी बहीण शेजारच्याच गावात दिलेली होती. एका फोनवर खरंखोटं कळलं असतं. आणि स्वप्नालीची परीक्षा वीस दिवसांवर आली होती.

"ओढ्यापलीकडं," ती म्हणाली. मग कुणी न विचारताच पुढचं बोलली. "समाज मंदिरापाशी."

अंबूबाईंनी गॅस बारीक केला. त्या रागावल्या नाहीत. पोरगी गुणाची दिसते, बापही सरळ माणूस आहे, आपल्याला स्वतःला यातलं काही वाटत नाही, पण घरात सासूबाईंचा देव्हारा आहे, दिरांचं येणंजाणं आहे, असं हळू आवाजात सांगत राहिल्या. चहापुडीचा डबा उघडता उघडता म्हणाल्या,

"तूच सांग जा. माझी भाची येणार हाय म्हणावं. तुझ्याच गावची हायत, तू सांगितलंस की वाईट वाटायचं न्हाय त्यास्नी."

स्वप्नाली बाहेर आली. तेवढ्यात वर्षाराणीने बादली आत आणून जिन्याखाली ठेवली होती आणि गादीही भिंतीला टेकवली होती. स्वप्नालीने भाचीचं एका दमात सांगून टाकलं. मलापण आत्ताच कळलं, असं शेवटी जोडलं. बोलताना ती खुर्चीच्या हाताकडे बघत होती.

पिराजी लगेच उठले. भाची कधी येणार, तोवर चार दिवस राहता येईल का, जवळपास दुसरी खोली आहे का, यातलं काही त्यांनी विचारलं नाही. आतून अंबूबाईंनी मोठ्याने सांगितलं की चहा झालाच आहे, पावण्यांनी घेतल्याशिवाय जायचं नाही. एसटीची वेळ झाली, असं पिराजींनी तिथूनच उत्तर दिलं. गावाकडची एसटी दोनला होती. अजून अकराही वाजले नव्हते.

वर्षाराणी जागची हलली नाही.

"स्वप्ने, हिकडं बघ," ती म्हणाली. "आत काय इचारलं त्यांनी तुला?"

स्वप्नालीने मान वर केली. तिच्या हातात अजून एक कप होता, तो तिने पाठीमागे नेला.

पिराजींनी गादी खांद्यावर घेतली. बादली उचलून मुलीच्या हातात दिली आणि फाटकाची कडी काढली.

"चल," ते मुलीला म्हणाले. "तिला काय इचारू नको. तिला हितं ऱ्हायाचं हाय."