बाईंची बोट

गळाची काठी एकदम वाकली तेव्हा जावई इतका दचकला, की ती हातातून सुटायचीच बाकी होती. गाईडबाईंनी मागून त्याच्या मनगटावर दोन बोटं टेकवली आणि ओढू नका, आधी माशाला हवं तेवढं पळू द्या, असं सांगितलं. रीळ करकरत फिरू लागलं. बोट तलावाच्या ऐन मध्यावर होती. धक्का केव्हाच दिसेनासा झाला होता.

समोरच्या फळीवर साहेब बसले होते, मत्स्य खात्याचे. या तलावात कोणी गळ टाकायचा, कोणी बोट न्यायची, सगळं त्यांच्या सहीने ठरे. लेकीचं लग्न होऊन दोनच महिने झाले होते, आणि जावयाला खूश करायचं म्हणून त्यांनी आजची फेरी ठरवली होती. सकाळपासून ते त्याला तलाव असा दाखवत होते, जणू स्वतः घागरी ओतून भरला होता. बाईंचा परवाना आज संपत होता. तो वाढवून मिळावा म्हणून केलेला अर्ज महिनाभर साहेबांच्या टेबलावर पडून होता. दोघांनाही ते ठाऊक होतं आणि सकाळपासून दोघांनीही त्याचं नाव काढलं नव्हतं.

वीसेक मिनिटांनी मासा दमून पाण्यावर आला. हातभर लांब, पाठीला काळसर हिरवा. बाईंनी हातजाळी त्याच्या खाली सरकवली. जावयाचा शर्ट घामाने अंगाला चिकटला होता आणि तो लहान पोरासारखा हसत होता. आयुष्यातला पहिलाच मासा होता त्याचा. साहेबांनी लगबगीने बर्फाच्या पेटीचं झाकण उघडलं.

बाईंनी जाळी वर घेतली नाही. पाण्यातच धरून ठेवली, वाकून ओठातला गळ सोडवला आणि पोटावरून अंगठा फिरवला.

"मादी आहे," त्या म्हणाल्या. "गाभोळीने भरलीय, अंडी घालायच्या बेतात. नियमाने सोडावी लागेल."

साहेब हसले. नियम मला नका सांगू, तो कागद माझ्याच सहीने निघालाय, म्हणाले. एका माशाने तलाव काही ओस पडत नाही. शिवाय घरी सगळी वाट बघत बसली होती, जावईबापूंचा मासा येणार म्हणून सासूबाईंनी शेजारीपाजारी सांगूनसुद्धा ठेवलं होतं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. जाळीचा दांडा मात्र मुठीत तसाच राहिला.

पोटात अंडी आहेत हे कळतं कसं, असं जावयाने विचारलं. बाईंनी त्याला कडेला वाकायला लावलं आणि त्याचा तळहात धरून पाण्यात माशाच्या पोटाखाली नेला. तो बराच वेळ तसाच ओणवा राहिला. वर पाहिलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं.

"वर घ्या," साहेब म्हणाले. आवाज आता कचेरीतला होता.

 बावीस वर्षं बाईंनी या पाण्यावर काढली होती. दुसरं काही येत नव्हतं, आणि या वयात शिकायची हौसही नव्हती. गेल्या हंगामात अशीच एक मादी त्यांनी मुकाट्याने वर घेतली होती. तेव्हाही पाहुणे साहेबांचेच होते. धक्क्यावर तिचं पोट चिरलं गेलं तेव्हा बाई इंजिन पुसत पाठमोऱ्या उभ्या राहिल्या होत्या. त्यानंतर दोन दिवस त्यांना जेवण गेलं नव्हतं.

त्यांनी साहेबांच्या डोळ्यांत पाहिलं, आणि जाळी कलती केली.

मासा लगेच गेला नाही. पाण्याखाली वीतभर अंतरावर तिथल्या तिथे तरंगत राहिला, कल्ले उघडत, मिटत. मग शेपटीचा एकच फटकारा बसला. साहेबांच्या इस्त्रीच्या पँटवर गुडघ्यापर्यंत पाणी उडालं आणि मासा खाली काळोखात दिसेनासा झाला.

साहेब ताडकन उठले. बोट एका अंगाला गेली. कोणाच्या जिवावर एवढा माज करता, पाहुण्यांसमोर माझी शोभा करता, असं बरंच काही ते बोलले. बाई जाळी झटकत राहिल्या. शेवटी साहेबांनी बोट रोखलं.

"परवाना विसरा आता."

"विसरले," बाई म्हणाल्या. "पण आज दिवसभर तो माझ्याच नावावर आहे, साहेब. तोवर या बोटीत माझं चालतं. खाली बसा, नाहीतर सगळेच पाण्यात जाऊ."

साहेबांनी जावयाकडे पाहिलं. तो आधीच बसला होता. रिकामा गळ चिमटीत धरून, सासऱ्याकडे न बघता, तो बाईंना हलकेच विचारत होता की आता आमिष कोणतं लावायचं.

साहेब बसले.

फेरी दुपारी एकपर्यंतची ठरली होती, आणि आता कुठे साडेदहा वाजले होते. बाईंनी इंजिनाची दोरी खेचली आणि बोटीचं तोंड धक्क्याकडे न वळवता सरळ मोकळ्या पाण्याकडे केलं.